बाबांचा नंबर

थायलंडमधल्या आमच्या खोन केनच्या प्रयोगशाळेत मेंदूच्या तुकड्याला कुणी तुकडा म्हणत नाही. ज्यांनी मरणानंतर देह दिला ते सगळे आमचे मोठे गुरुजी, मग हयातीत ते भात लावणारे असोत नाहीतर रिक्षा चालवणारे. अतिथंड कपाटातून कुपी काढायची तर आधी मोगऱ्याची माळ वाहायची, हात जोडून "गुरुजी, चूकभूल माफ करा" म्हणायचं, आणि मगच झाकण उघडायचं. नवीन पोरं यात घाई करतात तेव्हा मी त्यांना चांगलंच फैलावर घेते.

त्या दिवशी मात्र हात जोडून मीच नुसती उभी राहिले. कुपीतले गुरुजी म्हणजे कुंगचे वडील होते.

कुंग माझी सहकारी. कागदोपत्री ओरवी, पण सगळे तिला घरच्या नावाने कुंगच म्हणतात, म्हणजे कोळंबी. तिचे वडील थोंगबाय तरुणपणी जत्रांमधून मुष्टियुद्ध खेळायचे. पन्नाशीच्या आतच ते बायकोचं नाव विसरले, मग घास गिळायचंही विसरले. त्यांच्या आईचंही म्हणे असंच झालं होतं. हे रक्तातच आहे, उद्या आपल्याला आणि आपल्या पोटच्या पोरालाही गाठणार, असं कुंगच्या मनाने घेतलं. तिचा नवरा तवीप लेकरासाठी आसुसलेला. सासू दर रविवारी काढा घेऊन दारात हजर. कुंगचं त्यांना एकच उत्तर, "बाबांचा नंबर लागू दे, मग बघू." नुसतं तिचं रक्त तपासून भागण्यासारखं नव्हतं. वडिलांच्यात दोष कोणता होता हे कळल्याशिवाय तिच्यात शोधायचं तरी काय?

गुरुजी ज्या क्रमाने आले त्याच क्रमाने त्यांना बाहेर काढायचं, हा आमचा रिवाज. तो क्रम सांभाळायचं काम कुंगकडेच होतं.

"बाई, मी आत थांबू का?" तिने विचारलं. आपल्या माणसाला आपण हात लावायचा नाही, म्हणून काम मी करत होते.

"थांब. पण रडलीस तर बाहेर काढीन. मी क्षार मोजून घातलेत, त्यात तुझी भर नको."

"तुमच्या हाताखाली रडायला फुरसत कुणाला मिळालीय आजवर?" ती म्हणाली.

मी तुकडा बर्फात ठेवून वाटला, गाळ खाली बसवला आणि वरचं पाणी काचेच्या उभ्या नळीत सोडलं. नळीत पांढरी पूड ठासलेली असते, आपली हाडं ज्या क्षाराची त्याच क्षाराची. वरून सौम्य खारं पाणी सोडलं की प्रथिनं आधी सुटतात आणि थेंबाथेंबाने खाली उतरतात. डीएनए मात्र पुडीला चिकटून बसतो. पाणी तीव्र करत गेलं की मग तोही सुटतो. वडिलांना काय झालं ते पहिल्या थेंबांत होतं, लेकीला होणार का ते शेवटच्या.

कुंग स्टुलावर बसून थेंबांकडे बघत होती.

"जत्रेतून यायचे तेव्हा तोंड सुजलेलं असायचं," ती म्हणाली. "तरी हातात माझ्यासाठी भाजलेली कोंबडी आणि चिकट भात. मी खात बसायचे. बाबा, दुखतंय का, असं एकदाही विचारलं नाही मी, बाई."

मी तिला बाहेर काढलं नाही.

पावसाळा सरता सरता उत्तर आलं. प्रथिनांच्या गाठी होत्या त्या वर्षानुवर्षं डोक्यावर मार खाल्लेल्यांच्या. आणि बँकॉकहून आलेल्या डीएनएच्या अहवालात वंशातून उतरणाऱ्या ज्ञात दोषांपैकी एकही नव्हता. आजीला काय झालं होतं ते आता देवच जाणे. या वयात मी व्हरांड्यातून पळत सुटले.

"कुंगे, सुटलीस! रक्तात काही नाही गं. बुक्क्यांनी केलं ते सगळं! सासूला सांग, आण म्हणावं आता तो काढा!"

तिने अहवाल वाचला, पुन्हा वाचला आणि भिंतीला टेकून खाली बसली. मला वाटलं आनंदाने. मग ती हसली. फार दुखलं की आमची माणसं तशी हसतात.

"बाई, एप्रिलात, सोंगक्रानच्या सणाच्या सुट्टीत, बाबांचा नंबर लागायच्या आधीच मी ऑपरेशन करून घेतलं. मूल न होण्याचं."

मी तिच्या हातातून अहवाल काढून घेतला.

"त्याआधी दिवस गेले असं वाटलं होतं. नव्हते गेले. पण कळेपर्यंत रोज त्या पोराच्या चेहऱ्यावर बाबांचे शेवटचे, ओळख हरवलेले डोळे दिसायचे मला. पुन्हा नसतं सोसलं."

"परत जोडता येतं ते..."

"जोडता येणार नाही असंच करा, असं मीच सांगितलं त्यांना."

"अगं मूर्ख मुली, कपाट तुझ्या ताब्यात! एक शब्द बोलली असतीस तर त्याच दिवशी काढली असती ना कुपी!"

"पुढचे सगळेही कुणाचे तरी बाबाच होते, बाई. त्यांचीही माणसं वाट बघत होती. माझ्या बाबांना पुढे घ्या, असं कोणत्या तोंडाने म्हणू? तुम्हाला नाही म्हणता आलं नसतं. उगाच तुमची पंचाईत."

भीड. आमच्याकडे पोर चालायला लागायच्या आधी त्याला हे शिकवतात, की आपल्यापायी कुणाची अडचण व्हायला नको. कुंगच्या याच गुणाचं मी चारचौघांत कौतुक केलं होतं. त्या क्षणी मला त्या गुणाचा असा संताप आला की हातातला अहवाल मी टराटरा फाडला असता.

"तवीपला माहीत आहे?" मी विचारलं.

तिने मान हलवली. नाही. तेवढ्यात तिचा फोन वाजला. आज उत्तर येणार हे त्याला ठाऊक होतं.

"हं, आलं," ती म्हणाली. "चांगलं आहे. रक्तात काही नाही."

पलीकडचा तवीप इतक्या मोठ्याने ओरडला की मला उभ्या जागी ऐकू आलं. मग तो रडायला लागला, मग आईला हाका मारायला लागला. सासूने फोन घेतला असावा. कुंग डोळे मिटून "हो आई, हो" म्हणत राहिली. त्यांचा आनंद मोडायचीही तिला भीड पडली होती.