इंजिनापाशी

बाबनराव पराते अनंताला पोचवायला मुळीच आले नव्हते. ते इंजिन पाहायला स्टेशनवर आले होते. निदान घरून निघताना बायकोला, तुळजाबाईंना, त्यांनी असंच ठणकावून सांगितलं होतं आणि तिनं हसू दाबत "जा बापा" म्हटलं होतं.

अनंत कायमचा पुण्याला, मुलाकडे निघाला होता. हे कळल्यापासून बाबनरावांनी त्याच्याशी अबोला धरला होता. उभ्या जन्माचा जोडीदार असा उठून जातो म्हणजे काय! जावं, खुशाल जावं, आपलं काय अडतं? अडत होतं, सगळंच अडत होतं, म्हणून तर एवढा रुसवा.

दोघांचं वेड एकच. तरुणपणी रविवार आला की सायकली काढायच्या आणि रेल्वे पाहायला जायचं. कळमेश्वरच्या पुढे रुळांलगत बाभळीखाली पोळी-ठेचा सोडायचा आणि मालगाडीचा धूर दिसायची वाट बघत बसायचं. उमरेडची छोटी गाडी चढावर धापा टाकू लागली, की शेजारच्या रस्त्यानं सायकल हाणून तिला मागं टाकायचं. बाबनराव कोळशाच्या भुकटीनं माखून घरी आले, की हातमागावर बसलेला बाप म्हणे, "याची सोयरीक इंजिनाशीच करा." पण एवढ्या वर्षांत दोघं मिळून गाडीत कधी बसले नाहीत. आत बसलं की गाडी दिसत नाही, हा अनंताचा कायदा.

तर बाबनराव थेट फलाटाच्या टोकाला गेले. अनंताचा डबा पार शेपटाकडे. गुडघ्यानं अधू झालेला माणूस इथवर कशाला येतोय, तेव्हा गाठ पडायची भीती नव्हती. आणि पाहतात तर इंजिनाशेजारी काठी टेकून अनंत उभा!

"मले ठाऊक होतं, तू डब्यापाशी येनार नाही," अनंत म्हणाला. "इथंच येशीन."

"अन् वंदनावहिनी?"

"तिले सांगितलं, पानी आनतो."

बाबनरावांना राग आला आणि रडूही आलं. मग ते इंजिनाबद्दलच बोलू लागले. हे विजेचं इंजिन कसं मुकाट्यानं उभं राहतं, जुनं कसं उभ्या उभ्याही फुसफुसायचं. दोघं असे रंगले, की सिग्नल कधी मिळाला ते या दोन दर्दी माणसांनाच कळलं नाही. भोंगा वाजला. आता शेपटाचा डबा कुठला गाठायला! बाबनरावांनी अनंताला समोरच्याच जनरल डब्यात चढवलं आणि त्याचा तोल जातो म्हणून पाठोपाठ स्वतःही चढले. गाडी सुटली.

लोकांनी सरकून जागा दिली. अनंतानं बायकोला फोन लावला आणि जे ऐकायचं ते निमूट ऐकून घेतलं. वर्ध्याला उतरून बाबनराव त्याला त्याच्या डब्यात बसवणार, असं ठरलं.

अजनी मागं पडली.

"महिनाभर घरी काहून नाही आला गा?"

"तू सामान बांधून राहिला होता. मले पाहवत नव्हतं. आता मी कोनासंगं जाऊ?"

बाजूच्या रुळावरून मालगाडी धडधडत गेली, पण दोघांपैकी एकानंही मान वळवली नाही.

"पुन्याले येशीन?"

"येईन."

"तिकडे घाटात चांगल्या गाड्या दिसतात म्हने."

"गाड्या राहू दे," बाबनराव म्हणाले. "तुले पाहाले येईन."