साहेबांसाठी एक नॉब

सूड घ्यायला घाई करू नये, हे मला कॉलमनं शिकवलं. कॉलम म्हणजे पोटात थाळ्यांची चळत असलेला उंच पोलादी मनोरा. खालून वाफेनं तापवला की हलका माल वर चढतो, जड खाली राहतो. गंमत अशी, की खाली वाफ वाढवली तर वर फरक दिसायला बराच वेळ जातो. न्हाणीघरात गरम पाणी येईपर्यंत थांबावं लागतं, तसंच. ज्याला धीर नाही तो नळ आणखी सोडतो आणि पाठ भाजून घेतो. हा उशीर सांभाळणारी नियंत्रण यंत्रणा आखणं हा माझा पेशा.

त्या कारखान्याच्या मोठ्या साहेबांना धीर ठाऊकच नव्हता. माझे बाबा तिथे ऑपरेटर होते. एकदा पाहुण्यांसमोर साहेबांनी त्यांना खुर्चीवरून उठवलं आणि स्वतः वाफ वाढवली. पडद्यावर काही हलेना म्हणून आणखी वाढवली. बाबा म्हणाले, "साहेब, जरा दम धरा." साहेबांनी पुन्हा वाढवली. कॉलम तुंबला, जड माल उसळून वर गेला आणि चांगल्या मालाची अख्खी टाकी नासली. चौकशीत साहेबांनी सांगितलं, "म्हाताऱ्याचा हात थरथरतो. मी सावरायला गेलो, पण तोवर सगळं हाताबाहेर गेलं होतं." बाबांना घरी बसवलं.

बाबांचा हात कधीच थरथरत नव्हता. पण तेव्हापासून ते चहाचा कप दोन्ही हातांनी धरतात. आई म्हणते, "अहो, कोण बघतंय इथं?" ते ऐकत नाहीत. कुणी घरी आलं की चहाच नको म्हणतात. ते बघून माझ्या तळपायाची आग मस्तकात जायची.

तिथल्या नव्या यंत्रणेचं काम आमच्या कंपनीकडे आलं, तेव्हा मी ते मागून घेतलं. साहेबांनी मला ओळखलं नाही. लग्नानंतर माझं आडनाव बदललं होतं, आणि ऑपरेटरच्या मुलीचं तोंड लक्षात ठेवायला त्यांना सवड कुठली! पहिल्याच बैठकीत म्हणाले, "मॅडम, तुमचा कॉम्प्युटर खुशाल चालवा. पण माझ्या हाताशी काहीतरी ठेवा. या कॉलमला माझाच हात लागतो."

"ठेवते ना," मी म्हणाले. "तुमच्यासाठी खास."

नॉब मी मन लावून बनवला. काळा, जड, फिरवताना बारीक टकटक करणारा. फिरवला की शेजारचा आकडा बदलायचा, हिरवा दिवा लागायचा. तो आकडा पुढे कुठेही जात नव्हता. आणीबाणीचं लाल बटण मात्र खरं होतं. सुडापायी चार माणसांचा जीव धोक्यात घालण्याइतकी मी खुळी नाही. कॉलम माझी यंत्रणा चालवत होती. थोडं बदलायची, थांबायची, उत्तर आलं की पुढचं पाऊल टाकायची.

साहेब रोज सकाळी येत, बाह्या सरसावत आणि नॉब फिरवत. माल इतका शुद्ध कधीच निघाला नव्हता. ऑपरेटर म्हणू लागले, साहेबांच्या हाताला गुण आहे. मालकांनी सगळ्यांसमोर पाठ थोपटली. साहेब नव्या माणसांना धडे देऊ लागले, "हलकेच फिरवायचं. कॉलमची नस सापडली पाहिजे." मीही त्यांना हरभऱ्याच्या झाडावर चढवत राहिले. जितके वर जातील तितकं बरं.

ते पुरेसे वर गेल्यावर एके दिवशी मी त्यांच्या केबिनमध्ये जाऊन दार लावून घेतलं.

"साहेब, तुमचा नॉब कशालाच जोडलेला नाही. पहिल्या दिवसापासून."

"काहीतरीच काय!"

"चला, फिरवून बघा."

कंट्रोल रूममध्ये जाऊन त्यांनी नॉब पार टोकापर्यंत फिरवला, मग उलट्या टोकाला. पडद्यावरची वाफेची रेघ तसूभरही हलली नाही. शेजारचा ऑपरेटर कौतुकानं म्हणाला, "बघा, साहेबांनी हात लावला की कॉलम कसा गप्प बसतो." साहेबांचं तोंड एवढंसं झालं. इतकं सुख मला माझ्या लग्नातही झालं नव्हतं.

बाहेर आल्यावर मी कुणाची मुलगी ते सांगितलं. "त्या दिवशी वाफ कुणी वाढवली, ते बाबांना बोलावून सगळ्यांसमोर सांगा. नाहीतर रोज सकाळी या आणि नॉब फिरवा. मी कुणाला काही बोलणार नाही."

दुसऱ्या दिवशी साहेब आले. बाह्या सरसावल्या, नॉब फिरवला, माझ्याकडे न बघता निघून गेले. त्यानंतर एकही सकाळ चुकलेली नाही. देखभालीचं काम आमच्याकडेच आहे, त्यामुळे मीही चुकवत नाही.

मी माहेरी जाऊन बाबांना सगळं सांगितलं.

"म्हणजे त्यानं कबूल केलं नाही."

"नाही."

"मग तू सांग मालकांना. त्याचा हात बाजूला झाल्यापासून कॉलम तुंबला नाही, एवढं म्हटलंस तरी माझ्यावरचा डाग जाईल."

बाबांचं खरं होतं. एका वाक्याचं काम होतं. पण ते वाक्य बोलले की साहेबांना काढतील, ते आपल्या घरी जाऊन बसतील, आणि त्या रोजच्या सकाळी संपतील. बाबांना त्यांचं नाव परत हवं होतं. मला साहेब हवे होते, रोज, त्या नॉबसमोर.

"सांगेन, बाबा. एवढ्यात नको."

त्यांनी चहाचा कप दोन्ही हातांनी खाली ठेवला. मग म्हणाले, "माझ्या हयातीत सांगशील ना?"

मी हो म्हटलं आणि लगेच निघाले. सकाळी साहेब येतात, तेव्हा मला तिथं असावं लागतं.