बायनाबाईंच्या कमरेचा कसा

मी एक जुना कसा आहे. कसा म्हणजे कमरेला बांधायची कापडी पिशवी. दिसायला मी सामान्य, पण मित्रांनो, अकरा माणसांना मी परमुलखातून घरी आणले आहे. तेव्हा थोडी ऐट खपवून घ्या.

माझा जन्म सेलूत, १९८७ साली. बायनाबाई नेपाळात लुंबिनीच्या दर्शनाला निघाल्या होत्या. त्यांच्या सुनेने, धुरपताबाईने, जुन्या लुगड्यातून मला दुहेरी शिवले. जथा नेणाऱ्या नागनाथ गुरुजींनी सगळ्यांची परतीची तिकिटे आणि वाटखर्च माझ्यात ठेवायला दिला. तो ऐवज गेला, की अकराही जण परदेशात अडकणार!

धुरपताबाई बाजारात भाजी विकायची. खिसेकापूंचे सगळे चाळे तिला ठाऊक. मला बांधून तिने सासूला आठवडी बाजारात फिरवले.

"आत्याबाई, हात गेला!" ती मागून ओरडे. "माल कुठं हाय ते तुमचा हातच चोराला सांगायलाय."

"अगं, कमरंला जोखीम हाय, हात जाणारच की!" बायनाबाई चिडत.

तीन बाजार झाले, तरी हात काही ऐकेना. मला लय काळजी वाटू लागली.

सरहद्दीपलीकडच्या एका बसथांब्यावर कोणीतरी ओरडले, "चोर है! अपना पैसा देखो!" माणूस भला वाटला. आमच्या लोकांचे हात झटकन आपापल्या खिशांवर गेले. ओरडणाऱ्याचा साथीदार खांबाला टेकून तेच बघत होता. बायनाबाईंचाही हात निघाला, अर्ध्यावर आला. माझे तर धाबेच दणाणले. पण तो हात तसाच वर गेला आणि त्यांनी डोक्यावरचा पदर सारखा केला.

बसमध्ये चढताना सूर्यभानचा खिसा ब्लेडने कापला गेला. जथ्यातला तो धट्टाकट्टा गडी रडकुंडीला आला. "आता घरी कसं जावं, मावशी?"

"तुजं तिकीट माज्यापाशी हाय, लेकरा. बस खाली," बायनाबाई ठणकावून म्हणाल्या.

बस सुटली, थांबा मागे पडला. तेव्हा कुठे पदराआडून त्यांनी माझ्यावर हात ठेवला. आतली तिकिटे चाचपून त्यांनी तीन-तीनदा मोजली.

आता मी ट्रंकेत असतो. एक कोपरा उंदराने कुरतडला आहे, याचे वाईट वाटते. मित्रांनो, परदेशी निघाल तेव्हा माझ्यासारख्याची शिवण तपासून घ्या आणि जोखीम अंगालगत बांधा. मग तिकडे हात नेऊ नका. भीती वाटेल, बायनाबाईंनाही वाटली होती. ती चोराला दिसली नाही, एवढेच.