ओडेनचं रक्त

"हा परत ओढायला लागलाय," नर्स ब्रॅमवेल म्हणाली. ओडेनच्या बोटावर कापूस दाबून धरला होता तिनं, पण बोलत होती ती त्याच्या बहिणीशी, तमोयाशी. "रक्त बघ कसं पाण्यासारखं झालंय. गोळी मी वाढवलेली नाही. मग हे कशानं?"

"मी ओढलेलं नाही," ओडेन म्हणाला.

"सगळे असंच म्हणतात, राजा. रक्त खोटं बोलत नाही." मग तमोयाकडे वळून, आवाज खाली आणून, "हे बघ, गांजा आणि ही गोळी, दोन्ही एकत्र जमत नाहीत. गोळीचा जोर नको तितका वाढतो. आज याचं नाक वाहतंय, हिरड्या वाहतायत. उद्या डोक्यात वाहिलं तर मला बोलावू नकोस, पास्टरला बोलाव."

तमोया ऐकत होती. परतीच्या टॅक्सीत चार माणसांच्या जागेत सहा जण कोंबलेले, त्यात हिच्या मांडीवर कुणाची तरी कोंबडी. तरी ही अवाक्षर बोलली नाही. वळणावर उतरल्यावर मात्र भावाकडे बघून एवढंच म्हणाली, "आता बघतेच मी."

तमोया 'बघतेच' म्हणाली की आमच्या टेकडीवर शहाणी माणसं बाजूला होतात. रस्त्याचा नळ आटला होता तेव्हा ही बाई कौन्सिलच्या ऑफिसात जेवणाचा डबा घेऊन जाऊन बसली होती, आणि साहेबाची खुर्ची अडवून बसली होती. पाणी आलं. साहेब अजून तिला बघून रस्ता बदलतो.

आणि इथं तर प्रश्न नळाचा नव्हता, सख्ख्या भावाचा होता. ओडेनचं वय तेवीस. दांडगा गडी, गावाच्या टीमचा गोलकीपर. दिवसभर साउंड सिस्टिमच्या खोलीत बसून गाणी जुळवायची आणि एक विझली की दुसरी पेटवायची, असा त्याचा शाळा सुटल्यापासूनचा नेम. पावसाळ्याच्या तोंडावर त्याची पोटरी सुजली. बॉल लागला असेल म्हणून सोडून दिली. मग एका दुपारी पायऱ्या चढताना त्याला श्वासच घेता येईना. हॉस्पिटलात कळलं, पायात रक्ताची गुठळी झाली होती, ती सुटून फुप्फुसात जाऊन बसली होती. डॉक्टरीणबाईंनी कुणाला असं झालंय का घरात, लांबचा प्रवास केला होता का, मार लागला होता का, सगळं विचारलं. सगळ्याला नाही. शेवटी विचारलं, "गांजा?"

ओडेननं बापाकडे बघितलं आणि मान फिरवली. बाप म्हणजे डीकन रॅन्सफर्ड, चर्चचा मानकरी. रविवारी टेकडीवरच्या चर्चमध्ये पहिल्या बाकावर बसणारा, पांढऱ्या शर्टाची गुंडी गळ्यापर्यंत लावणारा माणूस. त्याच्या फाटकाच्या आत धूर म्हणून कधी आला नव्हता. आपला मुलगा ओढतो हे अख्ख्या गावाला माहीत, फक्त डीकनला नाही. तमोयानंच सांगून टाकलं, "सकाळपासून झोपेपर्यंत, डॉक्टर. वर्षानुवर्षं."

"त्यानंच झालं असं मी छातीवर हात ठेवून सांगणार नाही," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "अजून अभ्यास चाललाय. पण जास्त ओढणाऱ्या तरुण पोरांत गुठळ्या, हार्ट अटॅक जास्त दिसतात, असा संशय आहे खरा. आणि यापुढची गोष्ट संशयाची नाही. रक्त पातळ ठेवायची गोळी चालू आहे तोवर याला गांजा बंद. अगदी बंद."

रॅन्सफर्डनं टोपी उचलली आणि बाहेर जाऊन उभा राहिला.

तर नर्सनं तसं सांगितल्यावर तमोया भावाच्या मागे हात धुऊन लागली. हॉटेलातल्या नोकरीवरची रजा वाढवून घेतली. त्याचे शर्ट हुंगले, बुटांत हात घालून बघितला, गादी उलटी केली. डॉमिनोच्या टेबलावर जाऊन त्याच्या मित्रांसमोर उभी राहिली. बिगा म्हणून त्याचा जिवलग, हत्तीएवढा माणूस, तोही सोंगट्या खाली ठेवून बसला.

"याला कुणी एक झुरका दिला ना," तमोया म्हणाली, "तर त्याची शवपेटी तुम्ही विकत घ्यायची. आणि बिगा, पुढचा खांदा तू द्यायचास."

"अगं बाई, तो आला की आम्हीच विझवतो," बिगा काकुळतीला आला. "तुझ्या भावापायी आम्ही साधू व्हायची वेळ आलीय. विचार कुणालाही."

तिनं विचारलं. एकेकाला धरून विचारलं. सगळे एकच सांगत होते. तरी पुढच्या खेपेला रक्त आणखी पातळ निघालं. त्या दिवशी संध्याकाळी ओडेनच्या नाकातून रक्त सुरू झालं ते थांबेना. दोन टॉवेल भिजले. तमोया त्याचं नाक चिमटीत धरून बसली होती आणि तिच्या मनात पहिल्यांदाच भीती शिरली. हा खरंच मरेल, आणि माझ्या डोळ्यांदेखत मरेल.

"ओडेन, मी तुला मारणार नाही, ओरडणार नाही. खरं सांग. कुठून मिळतंय?"

"मी ओढलेलं नाही." चिमटीतून त्याचा आवाज बदकासारखा येत होता. एरवी ती हसली असती. "आईची शपथ."

आईची शपथ त्या घरात कुणी उगाच घेत नसे. आई जाऊन सहा वर्षं झाली होती. तमोयानं त्याच्याकडे नीट बघितलं. तो नजर चुकवत होता, पण खोटारड्यासारखी नाही. काहीतरी झाकणाऱ्यासारखी. तेव्हा तिनं ठरवलं, आता याला डोळ्यांआड होऊ द्यायचं नाही. उठण्याआधी उठायचं आणि झोपल्यावरच झोपायचं.

दुसऱ्या दिवशी उजाडता उजाडता ती मागच्या अंगणात आली तर बाप तिथं आधीच. हातात सुरी. स्वयंपाकघराच्या मागं, थाइम आणि कांद्याच्या पातीच्या वाफ्याशेजारी, एक झाड होतं. आमच्याकडे बहुतेक घरांमागं असतं. रॅन्सफर्डनं त्याची चार पानं कापली, धुतली, पातेल्यात टाकली. आलं ठेचून घातलं, जायफळ किसलं, वरून डब्यातलं गोड दूध. पत्र्याचा निळा मग भरला, बशी झाकली आणि ओडेनच्या खोलीकडे निघाला.

काखेत कळसा नि गावाला वळसा. तमोयाला स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावंसं वाटलं. सहा वर्षांची पोर होती तेव्हापासून ताप आला, खोकला आला की तिनंही हाच काढा प्यायला होता, आणि त्या पाल्याला गांजा म्हणायचं तिच्या कधी मनातही आलं नव्हतं. गांजा म्हणजे धूर. हे औषध.

ती दारात आडवी उभी राहिली. "पप्पा, तो मग इकडे द्या."

"बाजूला हो. निवेल."

"रोज देता हे?"

"हॉस्पिटलातून आला तेव्हापासून. अंगात ताकद नको यायला?"

"पप्पा, गांजाय तो."

रॅन्सफर्डचा चेहरा ताठ झाला. "तोंड सांभाळून बोल. माझ्या घरात गांजा? हा पाला आहे. तुझ्या आईचा दमा यानंच आवरला. धूर सैतानाचा. पाला देवानं लावलाय."

"देवानं लावला असेल, पण पप्पा, त्या गोळीला देव-सैतान कळत नाही. ओढा नाहीतर उकळून प्या, रक्तात जाणार ते तेच. काल त्याचं नाक बघितलंत ना? ते कशानं वाहिलं?"

"तो चोरून ओढतो म्हणून."

"नाही ओढत तो. मी सगळं गाव पिंजून काढलं. त्याच्या रक्तात हे तुम्ही घालताय."

रॅन्सफर्डची नजर तिच्या खांद्यावरून आत, पलंगाकडे गेली. उशीवर सुकलेले लाल डाग होते. ओडेन उठून बसला होता. त्यानं सगळं ऐकलं होतं.

तमोया त्याच्याकडे वळली. संताप आला होता तिला, आणि रडूही. "आणि तू रे? जन्मभर ओढत आलास, चव नाही ओळखलीस?"

"पहिल्याच घोटाला ओळखली."

"मग सांगितलं का नाहीस? नर्स तुला खोटारडा म्हणत होती, मी तुझ्या चड्ड्या हुंगत फिरत होते. मरत होतास तू, गाढवा."

ओडेननं चादरीचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं. बापाकडे न बघता बोलला. "आई गेल्यापासून पप्पांनी मला नावानं हाक मारली नाही. 'त्याला सांग, त्याला विचार.' हॉस्पिटलात असताना तर तेही बंद. आणि घरी आलो तर सकाळी स्वतः मग घेऊन आले, इथं उभे राहिले, म्हणाले, ओडेन, गरम आहे तोवर घे." तो थांबला. "रोज ठरवायचो, उद्या नको म्हणायचं. आणि उद्या परत ते यायचे, तमोया. कसं नको म्हणू?"

तमोयानं बापाच्या हातातला मग काढून घेतला, न्हाणीत ओतला आणि पाणी सोडलं. परत आली तर बाप पलंगाच्या काठावर बसलेला होता, मुलापासून हातभर अंतरावर. म्हातारा एकदम लहान दिसत होता.

"नर्सचा नंबर लाव," तो म्हणाला.

"मी सांगते पप्पा तिला. तुम्ही राहू द्या."

"मी सांगणार. लाव."

तिनं लावला आणि फोन त्याच्या हातात दिला. रॅन्सफर्डनं शर्टाची वरची गुंडी लावली आणि फोन कानाशी धरला, चर्चमध्ये उभा राहतो तसा ताठ.

"नर्स ब्रॅमवेल? डीकन रॅन्सफर्ड बोलतोय. माझा मुलगा खोटं बोलत नव्हता. त्यानं ओढलं नाही. त्याला गांजा मी पाजत होतो, रोज, माझ्या हातानं." पलीकडून नर्स बरंच काही बोलली. तो ऐकत राहिला. "हो. हो, आजच आणतो त्याला. हो, मी स्वतः येतो. बंद म्हणजे बंद." तरी फोन त्यानं ठेवला नाही. "आणि बाई, एवढं सांगा मला. सकाळी ओडेनला काय दिलं तर चालेल? रिकाम्या हातानं मला त्याच्याकडे जाता येत नाही."