एका पायरीवर एक शब्द

माघातल्या सकाळी कृष्णेवर धुक्याचा शुभ्र पदर पसरलेला असे, आणि त्या धुक्यातून दुर्गाआत्याचा मंद, अखंड स्वर आधी ऐकू येई, मग तिचं पांढरं लुगडं दिसे. घाटावरच्या लोकांना वाटे, बाई स्तोत्र म्हणतेय. म्हणत असे ती इंग्रजी शब्द.

ऐन विशीत वैधव्य घेऊन ती वाईला माहेरी भावाकडे, म्हणजे माझ्या वडिलांकडे, अण्णांकडे, परत आली होती. सासरची माणसं तिला परत न्यायला टपली होती. त्यांना सून नको होती, फुकटची स्वयंपाकीण हवी होती. मॅट्रिक झाली तर सांगलीला मुलींच्या शाळेत नोकरी होती, आणि पहिल्याच वर्षी ती इंग्रजीत नापास झाली. दोष तिच्या बुद्धीचा नव्हे, आमच्या गावाचा, असं मी अजूनही म्हणते. घाटाजवळच्या पाठशाळेतली संथा, वेदातले शब्द जोडीजोडीनं घोकण्याची, लहानपणापासून कानांवर पडलेली. तिनं सारखे दिसणारे शब्दही तसेच, जोडीजोडीनं, एका दमात घोकले. ते एकमेकांना असे चिकटले की 'एंजल' म्हणजे देवदूत की कोन, आणि 'अँगल' म्हणजे काय, हे कागद समोर आल्यावर सुटेचना.

निकाल ऐकून अण्णा म्हणाले, "दुर्गे, आणखी एक वर्ष. मग मलाही तुझ्या सासरच्यांना नाही म्हणता यायचं नाही."

ती रडली नाही, याचा मला तेव्हा रागच आला होता. दुसऱ्या दिवसापासून तिनं सगळ्या जोड्या मोडल्या. घाटाच्या एका पायरीवर एकच शब्द. त्याच्या जुळ्यानं तिथं फिरकायचं नाही. देवळासमोरच्या उन्हातल्या पायरीवर देवदूत, वळणावरच्या फुटक्या पायरीवर कोन. 'अडॉप्ट', दत्तक घेणं, वर पिंपळाच्या सावलीत. 'अडॅप्ट', जुळवून घेणं, अगदी खाली, जिथं गार पाणी पावलांना लागे. या खालच्या पायरीवर ती फार वेळ उभी राहत नसे.

धुणं धुणारी रखमा एकदा म्हणाली, "आवं आक्का, रोज मंतर म्हनल्यावानी काय म्हनताय? ह्यातनं काय हुनार हाय व्हय?"

"होईल," आत्या म्हणाली, आणि पुढच्या पायरीवर गेली.

परीक्षेच्या खोलीत आपण मनातल्या मनात घाट उतरत होतो, असं ती नंतर सांगे. ती पास झाली. सांगलीला खोली घेऊन राहू लागली, आणि सासरचे निरोप बंद झाले.

दिवाळीला ती आली. आमच्या घरात नेहमी सगळ्यांच्या मागून, निवलेलं जेवणारी आत्या. त्या दिवशी अण्णांनी स्वतः उठून तिचा पाट आपल्या शेजारी मांडला. आईनं वाढायला सुरुवात केली ती तिच्या पानापासून.

आता ती नाही, अण्णाही नाहीत, आणि काळानं दोघांचे चेहरे माझ्यापुरते पुसट केले आहेत. पण पानावरच्या वाफाळत्या भाताकडे पाहत आत्या जो क्षणभर हात न लावता बसून राहिली, तो क्षण इतक्या वर्षांत निवलेला नाही.