टिटवी झाडावर बसत नाही

चंद्राबाई गेल्याची बातमी सुळकेवाडीत सकाळी सातला आली. वडूजच्या दवाखान्यातून तिच्या नवऱ्यानं, जालिंदरनं, चुलतभावाला फोन केला. जालिंदर तिला घेऊन गावात पोहोचला तोवर दारापुढं सगळी वाडी जमली होती. बायांचं रडून झालं होतं आणि बोलणं सुरू झालं होतं.

"पहाटं चारला टिटव्या वरडत हुत्या," शेजारची म्हातारी हरणाबाई सांगत होती. "एक न्हाई, धा-पंधरा. माळावर नुसता कालवा. मी तवाच सुनंला उठवलं. म्हणलं, कुणाला तरी बोलावणं आलं बग."

"आमी बी ऐकलं."

"टिटवी वरडली की माणूस जातंय. आमचा आज्जा सांगायचा."

जालिंदर भिंतीला टेकून बसला होता. त्याला सगळं ऐकू येत होतं. त्या पहाटे टिटव्या का ओरडल्या, हे त्या गर्दीत दोघांनाच ठाऊक होतं. एक तो आणि दुसरा त्याचा दोस्त हरिबा, ज्याची पिकअप गाडी होती. दोघंही गप्प बसले. मार्च संपत आला होता.

तो माळ म्हणजे गावचं गायरान. चाळीस एकर, दगडाळ, बोडकं. चार वर्षांमागं सांगलीच्या एका संस्थेनं पंचायतीशी बोलून ते राखायला घेतलं. चराई थांबवली, चर काढले, इथलंच जुनं गवत पुन्हा पेरलं. गवत येईल तसे पक्षी परत येतात का, हे बघायचं होतं. त्यासाठी पक्षी मोजायला गावातलीच माणसं घेतली. पगार नाही, चहासुद्धा आपला आपण प्यायचा. पहिल्या महिन्यात सातजण होते. दुसऱ्या वर्षी जालिंदर आणि चंद्राबाई एवढेच उरले. जालिंदर एसटीतून टायर फिटर म्हणून निवृत्त झालेला, त्याच्याकडं वेळ होता. चंद्राबाईला कान होता.

माळावर आठ ठिकाणी दगड पांढरे रंगवले होते. महिन्यातून दोनदा, प्रत्येक दगडापाशी दहा मिनिटं उभं राहायचं. पक्षी कुठला, दिसला की नुसता ऐकला, कुठल्या दिशेला, किती लांब, किती वाजता. चंद्राबाई डोळे मिटून सांगायची, "चंडोल, उगवतीला, जवळच हाय. टिटव्या दोन, नाल्याकडं." जालिंदर तक्त्यात लिहायचा. पहिल्या वर्षी माळावर टिटव्यांच्या तीन जोड्या होत्या. यंदा अकरा झाल्या. ती गेल्यावर तो एकटाच जाऊ लागला. ऐकायचं त्यानंच, लिहायचंही त्यानंच. तक्त्यात खाडाखोड वाढली.

एप्रिलात वाडीतली आणखी तीन म्हातारी माणसं गेली. उन्हाळ्यात जातात तशीच गेली. पण आता लोक मोजायला लागले होते. मे लागला आणि टिटवीबाबा आला.

तो कुठला, कुणालाच नीट माहीत नव्हतं. कुणी जतकडचा म्हणे, कुणी थेट हिमालयातला. त्यानं माळाच्या कडेला मोठ्या बाभळीखाली आसन मांडलं आणि दर शनिवारी दिवेलागणीला टिटवी बोलवू लागला. सरपंच लालासाहेब पहिल्या रांगेत बसू लागले. तिसऱ्या आठवड्यात ग्रामसभेत ठराव झाला. येत्या अमावस्येला, रविवारी, माळाचं गवत होम म्हणून पेटवायचं, टिटव्या हाकलायच्या, राखीव माळ मोडायचा आणि त्यातली दोन एकर जागा बाबांच्या मठाला द्यायची. जालिंदर एकटा विरोधात बोलला. "तुझं दुःख आमाला समजतंय," लालासाहेब म्हणाले आणि पुढचा विषय घेतला.

त्याच शनिवारी हरिबा दारात आला. "चल गड्या. तिथं तुज्या घरातलं नाव निघतंय."

"निघू दे."

"तू बसलायस हितं, आन् लोक तिथं हळहळ करत्यात. चल."

माळावर जत्रा भरली होती. वडूजकडून आलेल्या मोटारसायकली, भज्यांचा गाडा, पोरंबाळं. बाबाच्या गळ्यात रुद्राक्षाच्या चार माळा आणि मनगटावर पावलं मोजणारं घड्याळ. शेजारी त्याचा शिष्य सिद्धू, एका हातात धुपाटणं आणि दुसरा हात खांद्याच्या झोळीत.

"भक्तहो," बाबा म्हणाला, "यमाच्या कचेरीतलं टपाल कोण आणतं? टिटवी. तिच्या आवाजात कॉस्मिक व्हायब्रेशन आहे. अमेरिकेत मशिनी लावून बघितल्या. मशिनी जळाल्या. आणि मी काय लावतो? नुसता हात."

गर्दीनं माना हलवल्या.

"या माळावर एक माउली टिटव्या मोजत होती. मोजू नये ते मोजलं. मग काय झालं?"

"गेली," गर्दी म्हणाली. सवयीनं म्हणाली, शाळेतली पोरं पाढा म्हणतात तशी.

"जो टिटवीला मोजतो, त्याला टिटवी मोजते."

हरिबा स्वतःच्या पायाकडं बघत उभा होता. बाबानं हात वर केला. "बोल."

बाभळीतून टिटवी ओरडली. टिटीट्यू-टिट, टिटीट्यू-टिट. बायांनी हात जोडले. मिनिटभरात माळावरून दोन, चार, सहा टिटव्या उठल्या आणि ओरडत बाभळीवर घिरट्या घालू लागल्या. लहान पोरं आयांना बिलगली. मग बाबानं मूठ वळली. "बास." बाभूळ गप्प झाली. थोड्या वेळानं वरच्या टिटव्याही एकेक करून माळात उतरल्या.

जालिंदरला काय करावं कळेना. चार वर्षांच्या सवयीनं त्यानं खिशातून तक्ता काढला, घड्याळ बघितलं आणि बाबानं पुन्हा हात वर करताच लिहायला लागला. दहा मिनिटं. बाभळीतली टिटवी, दिशा तीच, उंची तीच, अंतर तेच. सहा हाका, मग थांबा, मग सहा हाका. बावीस सेकंदांनी पुन्हा तेच. प्रत्येक फेरीत चौथ्या हाकेनंतर कुठंतरी लांब कुत्रं भुंकल्याचा बारीक आवाज. कुत्रं दर बावीस सेकंदांनी एकदाच भुंकत होतं.

घरी येऊन त्यानं जुने तक्ते काढले. चार वर्षांत त्या दोघांनी साडेनऊशे टिटव्या लिहिल्या होत्या. जमिनीवर, चरात, बांधावर, उडताना. झाडावर एकही नाही. असणारच नाही. टिटवीच्या पायाला मागचं बोट नावापुरतं असतं, तिला फांदी धरता येत नाही.

त्यानं सांगलीला साक्षीला फोन लावला. ती कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवायची आणि संस्थेचं पक्षी मोजण्याचं काम बघायची.

"काका, तुम्हाला पाचगणीच्या प्रशिक्षणात काय सांगितलं होतं?" सगळं ऐकून ती म्हणाली. "अंड्यांच्या दिवसांत मोबाइलवर पक्ष्याचा आवाज वाजवायचा नाही. का?"

"त्याला वाटतं दुसरा पक्षी आपल्या जागंत शिरला. अंडी सोडून हाकलायला येतो."

"तेच चाललंय. त्यांच्यावर जादू नाही झाली, त्यांना फसवलंय. आणि त्या उठल्या की अंड्यांवर कावळे आहेतच. सकाळी बघून या."

सकाळी त्यानं बघितलं. अकरा घरट्यांतली तीन रिकामी होती. खड्यांत कवचाचे तुकडे पडले होते. साक्षीला होमानंतरच्या सोमवारशिवाय येता येणार नव्हतं. होमाला आठ दिवस होते, आणि त्याआधी शनिवार एकच.

आवाज कुठून येतो, हे दाखवणं अवघड नव्हतं. पण तेवढ्यानं भागणार नाही, हे जालिंदरला कळत होतं. लोक म्हणतील, बाबा खोटा असंल, त्या पहाटंच्या टिटव्या तर खऱ्या हुत्या. आणि त्याचं उत्तर द्यायचं, तर जे त्यानं पोटात ठेवलं होतं ते गावापुढं काढावं लागणार होतं.

पुढच्या शनिवारी तो बांबूचा लांब कळक घेऊन गेला. बाबानं हात वर केला, "बोल," आणि बाभळीतून टिटवी बोलू लागली, तसा जालिंदर सरळ बाभळीखाली गेला आणि आवाजाच्या रोखानं फांद्यांत कळक घातला.

"आवं, काय करतायसा?" सिद्धू ओरडला.

"टिटवीला खाली घेतोय. तिला झाडावर बसाय येत न्हाई. पडली तर लागंल."

दुसऱ्या ढोसणीला हिरव्या फडक्यात बांधलेला, मुठीएवढा स्पीकर खाली आपटला. आपटला तरी ओरडत राहिला. टिटीट्यू-टिट, टिटीट्यू-टिट, मग कुत्रं. सिद्धूनं घाईघाईनं झोळीतल्या मोबाइलवर बोट फिरवलं. टिटवी बंद पडली, आणि तेवढ्यात त्याला कुणाचा तरी फोन आला. मातीत पडलेला स्पीकर लग्नातल्या बँडची चाल वाजवू लागला.

"यमाचा फोन दिसतोय," मागून कुणीतरी म्हणालं. "उचल की रं." माणसं हसली. बाबा हसला नाही. ही श्रद्धेची परीक्षा होती, असं काहीतरी तो म्हणाला, पण ते ऐकायला पुढं कुणी उरलं नव्हतं. सगळे स्पीकरभोवती जमले होते. पाच मिनिटांत त्याची जीप डांबरीला लागली.

हरणाबाई मात्र जागची हलली नाही. "ह्ये खोटं, मान्य. पर त्या पहाटं वरडल्या त्या काय मोबाइलातल्या हुत्या?"

"न्हाई मावशी. त्या खऱ्याच हुत्या." जालिंदरनं कळक खाली ठेवला. "का वरडल्या ते सांगतो. टिटवी भुईवर राहती, भुईवरच अंडी घालती. कुत्रं येऊ द्या, मेंढरू येऊ द्या, गाडी येऊ द्या, ती वरडती. त्या पहाटं माळावरनं गाडी गेली. रस्त्यानं लांब पडतं म्हणून आडवी घातली. त्या गाडीत चंद्रा हुती."

जालिंदर हरिबाकडं बघत राहिला.

"मीच हाकली गाडी," हरिबा खाली मान घालून म्हणाला. "दिव्याच्या उजेडात दिसत हुत्या. चाकाखालनं उठत हुत्या."

"टिटव्या वरडल्या म्हणून ती मेली न्हाई," जालिंदर म्हणाला. "ती मरत हुती, आन् तिला घिऊन आमी तिथनं गेलो, म्हणून त्या वरडल्या. तुमाला आधी टिटवी ऐकू आली, मग बातमी आली. तुमी त्याच क्रमानं धरलंत."

"मग तवाच का न्हाई बोललास?" लालासाहेबांनी विचारलं. "दोन महिने गावाला भ्यायला लावलंस."

"कारण तुमी इचारलं असतं, चारला का निघालास." जालिंदर गर्दीकडं वळला. "तिला दिवस मावळल्यापासनं दुखत हुतं. पाठीत, जबड्यात. घाम सुटला हुता. मला वाटलं पित्त. सोडा दिला, पाठीला मलम चोळलं. ती म्हणाली, आवं, दवाखान्यात जाऊ. मी म्हणलं, उजाडल्यावर बगू. डॉक्टर म्हणाला, हार्ट अटॅक हुता, सांजंला आणली असती तर काही करता आलं असतं. बायकांचं छातीतच दुखतं असं न्हाई, ह्ये मला त्यानं सांगितलं. ती गेल्यावर."

हरणाबाईनं पदर तोंडाला लावला.

"टिटवीवर घातलं की माजं बी भागत हुतं आन् तुमचं बी. म्हणून मी गप बसलो, आन् त्या बाबाचं फावलं. आता ऐका. एखाद्या गोष्टीमागनं दुसरी घडली, म्हणजे पहिलीनं दुसरी केली असं न्हाई. इचारा, बघा, वेळ लिहून ठेवा. घरात कुणाला असं दुखलं तर आभाळाकडं कान लावू नका. गाडी काढा. एवढंच."

लोक उठले. जाताना दोघांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. पण भज्यांच्या गाड्यापाशी त्यानं दुसरंही ऐकलं. "बाबा लबाड निघाला म्हणून टिटवी शुभ हुती का?" आणि, "बायकोला घरात मारली ह्यानं, आन् आमाला शिकवतोय."

दुसऱ्या दिवशी अमावस्या होती. होम झाला नाही. बाबाच नव्हता. पण दुपारी दोनच्या सुमाराला माळाच्या नाल्याकडच्या अंगाला धूर दिसला. जालिंदर आणि हरिबा ओली पोती घेऊन धावले. मागून हरणाबाईची सून आली, आणखी चौघं आले. गवत वाळलेलं, वारा पश्चिमेचा. अर्धा माळ गेला. कुणी पेटवलं, हे कुणी बघितलं नव्हतं. "उन्हाळ्यात गवत पेटतंयच," लालासाहेब म्हणाले.

सोमवारी साक्षी सांगलीहून आली. दोघं आठही दगडांपाशी दहा-दहा मिनिटं उभे राहिले. चौथ्या दगडापाशी राखेत टिटवीची चार अंडी होती, काळी पडलेली, भेगाळलेली. टिटवी शेजारी उभी होती. ती ओरडत नव्हती. चंडोलांची घरटी शोधूनही सापडली नाहीत. साक्षी ऐकत होती आणि जालिंदर लिहीत होता. टिटवीची घरटी पाच, असं त्यानं लिहिलं आणि खाडाखोड केली नाही.

"पुढच्या वर्षी मोजायचं का, काका?" तिनं विचारलं. "अर्धा जळलेला, अर्धा वाचलेला, दोन्हीकडं काय परत येतं ते बघायला पाहिजे. पण माळच मोडला तर बघायचं काय?"

त्याच आठवड्यात जालिंदरनं ठराव रद्द करावा म्हणून पंचायतीत अर्ज दिला, त्यावर अकरा सह्या होत्या. हरिबानं पहिली केली होती. लालासाहेबांनी अर्ज घेतला आणि पोचसुद्धा दिली. मठाला कुणी नाही, पण ती दोन एकर जागा आता त्यांच्या भावाला गोदामासाठी हवी आहे, असं गावात बोलतात.

राखीव माळ मोडण्याचा ठराव अजून रद्द झालेला नाही.