बिजागरीच्या बाजूने

यादवी युद्ध होणार, याबद्दल वरच्या आणि खालच्या वस्तीचं एकमत होतं. बाकी कशावरच नव्हतं. तेव्हा तयारी म्हणून दोन्हीकडच्यांनी इस्पितळाच्या रक्तपेढीत रांगा लावून रक्त दिलं आणि वर अट घातली, की आमचं रक्त आमच्याच माणसाला. मोठ्या डॉक्टरांचा कणा तिथल्या खाटांसारखा, हवा तसा वाकणारा. त्यांनी दोन फ्रीज वाटून दिले. कडी-कोयंडा, कुलूप, सगळं जय्यत. किल्ल्या गेल्या पुढाऱ्यांच्या खिशात.

"अहो, रक्त आहे ते, लोणचं नव्हे," रक्तपेढीच्या बाईंनी तेव्हाच कपाळाला हात लावला होता. "महिनाभर टिकतं जेमतेम. युद्ध लांबणीवर पडलं तर?"

युद्ध लांबणीवर पडलं. पिशव्यांची मुदत संपत आली. ज्यांनी रक्त दिलं होतं त्यांना इतक्यात पुन्हा देता येईना, म्हणून सर्वांसाठीचा तिसरा फ्रीज रिकामा. त्यात नुसता थर्मामीटर गारठत पडला होता.

अशात एका दुपारी एका ट्रकवाल्याला आणलं. नाकेबंदीसाठी दोन्ही वस्त्यांनी मागवलेली वाळूची पोती हाच पोचवायचा. पोती उतरवताना ट्रकचा फाळका निसटून मांडीवर आला होता आणि रक्त थांबत नव्हतं. ऑपरेशन थिएटरातून निरोप आला, चार पिशव्या, ताबडतोब.

बाईंनी वरच्यांच्या पुढाऱ्याला फोन लावला.

"कोणाचा माणूस?"

"बायकोचा."

"थट्टा नको बाई. चौकशी करून कळवतो."

खालच्यांचा पुढारी जरा मायाळू निघाला. "वाचला तर आमच्यात येईल का?"

"आधी वाचू दे की!"

"मग वरच्यांकडे मागा ना. त्यांचीच पोती होती म्हणे."

दाराशी उभ्या असलेल्या ट्रकवाल्याच्या बायकोने सगळं ऐकलं होतं. "ताई, आम्ही कोणाचे म्हणून सांगू? तुम्ही म्हणाल त्यांचे सांगते."

बाईंनी फोन आदळला आणि मोठ्या डॉक्टरांची खोली गाठली. "स्क्रूड्रायव्हर काढा."

"कुलूप फोडायचं नाही हं! मी शब्द दिलाय."

"फोडतंय कोण? या इस्पितळात किल्ली सापडलेलं एक तरी कपाट दाखवा. तरी औषधं निघतातच ना? चला, दार धरायला माणूस लागतो."

मोठ्या डॉक्टरांनी नोकरीत प्रथमच खंबीरपणे काहीतरी धरलं. बाईंनी बिजागऱ्यांचे स्क्रू काढले, कुलूप जागच्या जागी लटकत ठेवून दार दुसऱ्या अंगाने उघडलं. मग दुसऱ्या फ्रीजचंही. रक्तगट जुळवून दोन पिशव्या इकडच्या घेतल्या, दोन तिकडच्या, आणि दारं पुन्हा होती तशी बसवून टाकली. एकाच्याच घेतल्या असत्या तर उद्या दोघंही बोंबलले असते, एक घेतल्या म्हणून आणि दुसरा घेतल्या नाहीत म्हणून.

संध्याकाळी दोन्ही पुढारी आपापली माणसं घेऊन पाहणीला आले. कुलपं ओढून पाहिली. "चोख!" एक म्हणाला. दुसऱ्याने मान डोलावली. एकमत झालेली ही दुसरी गोष्ट. मोठे डॉक्टर खिडकीबाहेर बघत राहिले.

सकाळी ट्रकवाला शुद्धीवर आला. बाई त्याची तपासणी करायला गेल्या, तर बायकोकडे बघायचं सोडून त्याने पहिला प्रश्न टाकला.

"ताई, रक्त कोणाचं चढवलंत?"

"दोघांचंही."

त्याचा चेहरा पडला. "एकत्र? आणि आत भांडण लागलं म्हणजे?"

बायकोने डोक्याला हात लावला. बाईंना मात्र रागवायचंही त्राण उरलं नव्हतं.

"उशाशी बेल आहे," त्या म्हणाल्या. "भांडण लागलं की वाजवा. पण आधी नीट कान देऊन ऐका. बहुतेक पोटच गुरगुरत असेल, कालपासून उपाशी आहात."